एक शब्द पुसायचा आहे

दहीपुलाच्या उतारावर माझं दुकान.
दारात थिनरचा वास, आत वडिलांचे कुंचले
जाडीप्रमाणे लावलेले, अजून.
फ्लेक्सच्या दिवसांत माझ्याकडे येते
एखाद्या देवळाची पाटी, रिक्षाचा नंबर,
नाहीतर पुंजाअण्णा गांगुर्डे.

भर दुपारी आले, रिक्षाला बोर्ड बांधून.
पत्र्याचा, चार बाय तीन,
वडिलांनीच रंगवलेला, त्र्याऐंशी साली.
“एक शब्द पुसायचाय,” म्हणाले,
आणि खुर्ची सोडून रंगाच्या डब्यावर बसले.

वर अडकित्ता, पितळी, तोंड उघडं,
आत्ताच कुणाकडे सुपारी मागितल्यासारखा.
मधे पक्षाचं नाव, खाली बारीक अक्षरांत
राज्यस्तरीय मान्यताप्राप्त पक्ष.
शाखा भद्रकाली.
अण्णांनी ‘मान्यताप्राप्त’वर बोट ठेवलं.
“एवढंच. राज्य राहू दे.”

आयोगाचं पत्र आलं होतं.
सहा टक्के मतं हवीत आणि दोन आमदार.
पडली चार पूर्णांक नऊ. आमदार एक,
तोही निकालाच्या रात्रीपासून फोन उचलत नाही.
अण्णा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते, छत्तीस वर्षं,
नोटांच्या थप्प्या मोजायचे,
एक पान इकडचं तिकडे नाही.
“जन्मभर दुसऱ्याचं मोजलं,” म्हणाले,
“आपलं मोजायला बसलो तर भरेचना.”

पॉलिशपेपर घेतला.
शब्द निघता निघेना,
वडील प्रायमर दोनदा मारायचे.
‘मान्यता’ गेली. ‘प्राप्त’ उरलं एकटंच.
काय प्राप्त, ते कळायला मार्ग नाही.
अण्णा म्हणाले, “थांब जरा. चहा सांग.”

चहात त्यांनी गंगेवरची सभा सांगितली.
भाषण रंगलं तेव्हा टाळ्या वाजवायच्या ऐवजी
लोकांनी कमरेच्या चंच्या सोडून
खरे अडकित्ते काढले, वर धरले,
आणि घाटाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत
कट् कट् कट् कट्.
“पुढारी दचकलाच होता,” अण्णा म्हणाले,
आणि बशीत चहा ओतायचं विसरले.

“चिन्हाचं काय आता?”
“सहा वर्षं मागून मिळेल म्हणे. मग मोकळं.
शिट्टी, कपबशी, शिलाई मशीनच्या ओळीत उभं.
जो मागेल त्याचं.”
मग स्वतःशीच,
“पुन्हा सहाच. ह्या आकड्याचं आपण काय घोडं मारलं होतं?”

बोर्ड परत गेला.
पुसलेली जागा बाकीच्या पत्र्यापेक्षा उजळ,
तिथे काहीतरी होतं हे आता लांबूनही कळायचं.

मग माणसं गेली, काही दुसऱ्या पक्षात,
काही त्र्यंबकरोडच्या दवाखान्यांतून घरी न परतता.
सहा वर्षांनी सातपूरचा एक पोरगा आला,
अपक्ष, दंडावर देवीचं गोंदण.
“काका, भिंत रंगवायचीये. चिन्ह अडकित्ता.”
मोबाइलमधला फोटो मोठा केला, मग हळूच,
“पण हे असतं काय नेमकं?
गल्लीत विचारतात, कात्री का रे तुझी?”

मी पत्ता दिला.

अण्णांनी त्याला ओसरीवर बसवलं,
चंची काढली, अडकित्ता हातात दिला.
“धार बघ. बोट सांभाळ.
सुपारी मागे धर, जोर मुठीत नको, मनगटात.”
पोराची पहिली सुपारी उडाली, थेट मोरीत.
दुसरी फुटली.
तिसरी बारीक उतरली तेव्हा अण्णा
बराच वेळ काही बोलले नाहीत.

मतदानाच्या दिवशी दुकान बंद,
तरी शटर अर्धं वर करून बसलो होतो.
अण्णा वाकून आत आले, बोटाला शाई.
“कुणाला?” विचारलं.
खांडांची चिमूट माझ्या तळहातावर ठेवली.
कोपऱ्यात त्यांचाच बोर्ड होता, पंधरवड्यापूर्वी
परत आणून टेकवलेला. त्याच्याकडे बघून म्हणाले,
“ती मोकळी जागा आहे ना,
तिथं काही लिहू नकोस. पण गंज चढू देऊ नकोस.”